घटक ३ : चित्रकार-लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर – कारकीर्द आणि चित्रपुस्तकाची घडण

३.० उद्दिष्टे
३.१ प्रास्ताविक
३.२ विषय-विवेचन
३.३ सारांश
३.४ पारिभाषिक शब्द
३.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे
३.६ सरावासाठी स्वाध्याय

३.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

१) बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या वाङ्मयीन आणि चित्रकलाविषयक कारकिर्दीचे टप्पे सांगता येतील.
२) चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र यांच्यात कोणते नाते असते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
३) पुस्तकाचा आकार, किंमत, छपाईचे तंत्र आणि लेखनहक्क यांचा बालसाहित्याच्या घडणीवर होणारा परिणाम समजून घेता येईल.
४) लेखकाचे चरित्र आणि साहित्यकृती यांचा संबंध जोडताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार करता येईल.

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बालसाहित्याचे स्वरूप आणि त्याचे प्रमुख प्रकार पाहिले. बडबडगीत, बालकथा, बालनाट्य, बालकादंबरी हे प्रकार मुख्यतः शब्दांवर उभे असतात. चित्रपुस्तक हा प्रकार मात्र दोन माध्यमांवर उभा असतो. त्यात चित्र ही मजकुराची सजावट नसते. कथेचा काही भाग शब्द सांगतात आणि काही भाग चित्र सांगते. त्यामुळे चित्रपुस्तकाचा अभ्यास करताना केवळ संहिता वाचून भागत नाही. पान कसे मांडले आहे, कोणत्या वाक्यासमोर कोणते चित्र आहे, शब्दांनी काय सांगायचे टाळले आहे, हेही वाचावे लागते.

पुष्कळदा लेखक आणि चित्रकार या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. एकाच व्यक्तीने शब्द आणि चित्र या दोन्हींची जबाबदारी घेतली, तर कृतीचे रूप कसे बदलते, हे पाहण्यासाठी या घटकात आपण इंग्लंडमधील चित्रकार-लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करणार आहोत. 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' हे त्यांचे पुस्तक १९०२ साली प्रकाशित झाले आणि आजवर तीसहून अधिक भाषांत गेले. तथापि केवळ लोकप्रियता हे या अभ्यासाचे कारण नाही. शाळेत न गेलेली, आईवडिलांच्या घरात आणि त्यांच्या आज्ञेत वावरणारी एक अविवाहित स्त्री वयाच्या पस्तिशीनंतर स्वतःच्या पुस्तकाचा आकार, किंमत आणि हक्क यांविषयी ठाम निर्णय घेते आणि त्या कमाईवर स्वतःचे आयुष्य उभे करते. बालसाहित्याच्या इतिहासात या घटनेला स्वतंत्र महत्त्व आहे.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ बालपण आणि जडणघडण

हेलन बिअॅट्रिक्स पॉटर यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागातील एका संपन्न घरात झाला. घराण्याची संपत्ती लँकेशायरमधील सुती कापडाच्या उद्योगातून आलेली होती. वडील रूपर्ट पॉटर शिक्षणाने वकील होते. छायाचित्रणाचा त्यांना छंद होता आणि जॉन एव्हरेट मिले या नामवंत चित्रकाराशी त्यांची मैत्री होती. घरात कलेविषयी आस्था होती, परंतु मुलीने कलेवर उपजीविका करावी अशी अपेक्षा मात्र नव्हती. धाकटा भाऊ बर्ट्रम पुढे शाळेसाठी घराबाहेर गेला. बिअॅट्रिक्स यांचे शिक्षण घरी येणाऱ्या शिक्षिकांकडेच झाले.

बहीणभावांनी ससे, उंदीर, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग, सरडे, बेडूक, वटवाघळे असे नाना प्राणी पाळले होते. त्यांचे निरीक्षण करणे आणि चित्रे काढणे हा बिअॅट्रिक्स यांचा नित्यक्रम होता. मेलेल्या प्राण्यांची हाडे उकळून, स्वच्छ करून त्यांचे सांगाडे अभ्यासण्यापर्यंत ही जिज्ञासा पोहोचली होती. दरवर्षी उन्हाळ्यात हे कुटुंब काही महिने स्कॉटलंडमध्ये आणि १८८२ पासून इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशात, म्हणजे 'लेक डिस्ट्रिक्ट'मध्ये राहत असे. तेथे हार्डविक रॉन्स्ली या धर्मोपदेशकांशी त्यांचा परिचय झाला. निसर्गरक्षणासाठी १८९५ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होत. या परिचयाचे परिणाम दूरगामी ठरले.

कुमारवयापासून सुमारे तिशीपर्यंत पॉटर यांनी स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर या अभ्यासकाने १९५८ साली ही लिपी उलगडली. मोकळेपणाने बोलण्याची सोय नसलेल्या घरात लिहिण्याची निकड किती प्रबळ होती, याचा हा पुरावा आहे. चित्रप्रदर्शने, माणसे, हवामान यांविषयीची तीक्ष्ण निरीक्षणे या रोजनिशीत आढळतात. पुढील कथांमधील मोजकी, कोरडी विनोदबुद्धी याच सरावातून घडली, असे म्हणता येते.

३.२.२ निसर्ग-अभ्यासक पॉटर

१८९० च्या दशकात पॉटर यांनी बुरशी आणि आळंबी यांचा अभ्यास हाती घेतला. स्कॉटलंडमधील पर्थशायर येथील चार्ल्स मॅकिंटॉश हे टपालवाहक उत्तम निसर्ग-अभ्यासकही होते. त्यांनी पॉटर यांना नमुने पुरवले आणि चित्रे शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर कशी करावीत याविषयी मार्गदर्शन केले. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पॉटर यांनी बीजाणू रुजण्याच्या प्रक्रियेची निरीक्षणे केली आणि त्यावर निबंध लिहिला.

१ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत हा निबंध सादर झाला. परंतु तो सादर केला जॉर्ज मॅसी या पुरुष अभ्यासकाने. सोसायटीचे सभासदत्व त्या काळी स्त्रियांना खुले नव्हते आणि सभेला उपस्थित राहण्याचीही त्यांना मुभा नव्हती. पुढे निबंध मागे घेण्यात आला. तो प्रसिद्ध झाला नाही. सोसायटीने पॉटर यांना दिलेल्या वागणुकीविषयी जाहीर खेद व्यक्त झाला तो १९९७ साली, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी.

या प्रकरणाकडे केवळ अन्यायाची नोंद म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, शास्त्राचे दार बंद झाल्यानंतर चित्रकलेतून उत्पन्न मिळवण्याचा मार्ग पॉटर यांच्यासाठी अधिक महत्त्वाचा झाला. दोन, शास्त्रीय चित्रणाची शिस्त त्यांच्या बालकथांत उतरली. त्यांचा बेडूक कोट घालून मासेमारीला जातो; पण त्याचे पाय, त्याची बसण्याची ढब आणि त्वचेचा पोत हे खऱ्या बेडकाचेच असतात. त्यांच्या कल्पनेच्या बुडाशी असे प्रत्यक्ष निरीक्षण असते.

३.२.३ पत्रापासून पुस्तकापर्यंत

पॉटर यांची पहिली कमाई १८९० साली झाली. सशांची काही चित्रे शुभेच्छापत्रांसाठी एका प्रकाशन-संस्थेने सहा पौंडांना विकत घेतली. मात्र त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचा उगम बाजारपेठेत नव्हता. तो एका पत्रात होता. अॅनी मूर या त्यांच्या शेवटच्या गृहशिक्षिका. वयाने त्या पॉटर यांच्याहून थोड्याच मोठ्या होत्या, त्यामुळे दोघींचे नाते मैत्रिणींसारखे होते. अॅनी यांचा मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडहून त्याला लिहिलेल्या पत्रात पॉटर यांनी चार सशांची गोष्ट सांगितली आणि मजकुराच्या मध्ये मध्ये शाईने रेखाटने केली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या धाकट्या भावाला बेडकाची गोष्ट पाठवली.

चित्रपत्र हा या कारकिर्दीचा पाया आहे. पत्राला एक निश्चित वाचक असतो. त्या वाचकाचे वय, त्याचा कंटाळा, त्याचे हसू लेखिकेला ठाऊक असते. 'सर्व मुलांसाठी' लिहिताना जी उपदेशाची भाषा नकळत येते, ती एका मुलाला लिहिताना येत नाही. शिवाय कागद मर्यादित असल्याने वाक्य लहान ठेवावे लागते आणि उरलेले चित्रावर सोपवावे लागते.

सात-आठ वर्षांनंतर पॉटर यांनी ते पत्र परत मागून घेतले, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. किमान सहा प्रकाशकांनी ती नाकारली. नकारामागे पुस्तकाच्या बाह्यरूपाचा वाद होता. प्रकाशकांना मोठ्या आकाराचे, महागडे पुस्तक हवे होते. पॉटर यांचे म्हणणे असे की, पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढे असावे आणि त्याची किंमत सामान्य वाचकाला परवडावी. रॉन्स्ली यांनी मदत करण्याच्या हेतूने ती गोष्ट पद्यात रचून फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनीकडे पाठवली. परंतु प्रकाशकांना पॉटर यांचे साधे गद्यच अधिक पसंत पडले.

दरम्यान पॉटर यांनी स्वतःच्या बचतीतून डिसेंबर १९०१ मध्ये या पुस्तकाच्या २५० प्रती खासगीरीत्या छापून घेतल्या. त्या संपल्या, तेव्हा फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० प्रती छापल्या. या आवृत्तीत आरंभीचे एक चित्र रंगीत आणि बाकीची रेखाचित्रे होती. अखेरीस चित्रे रंगीत करण्याच्या अटीवर वॉर्न कंपनीने पुस्तक स्वीकारले. ऑक्टोबर १९०२ मध्ये ते प्रकाशित झाले. पहिल्या छपाईच्या ८,००० प्रती प्रकाशनापूर्वीच संपल्या होत्या. आकार लहानच राहिला आणि साध्या बांधणीची किंमत एक शिलिंग ठेवण्यात आली.

येथे छपाईच्या तंत्राचा मुद्दा येतो. पूर्वी रंगीत चित्रासाठी लाकडी ठसे हाताने कोरावे लागत आणि मूळ चित्राचा पोत कारागिराच्या हातावर अवलंबून राही. छायाचित्रणाच्या साहाय्याने तीन रंगांचे ब्लॉक तयार करण्याची पद्धत रूढ झाल्यावर जलरंगातील नाजूक छटा कमी खर्चात छापता येऊ लागल्या. पॉटर यांचे रंगीत आणि तरीही स्वस्त पुस्तक या तंत्रामुळे शक्य झाले.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*

अ) पॉटर यांचा बीजाणूंविषयीचा निबंध लिनियन सोसायटीत कोणी सादर केला?
आ) पीटर रॅबिटची गोष्ट प्रथम कोणत्या स्वरूपात लिहिली गेली?
इ) खासगी आवृत्तीच्या पहिल्या छपाईत किती प्रती होत्या?

३.२.४ शब्द आणि चित्र : दोन कथांचा विचार

*(क) 'द टेल ऑफ पीटर रॅबिट'*

कथानक साधे आहे. आई चार पिल्लांना मिस्टर मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका असे बजावते. कारण वडील तेथेच पकडले गेले आणि मॅकग्रेगर यांच्या घरी त्यांचे 'पाय' झाले. तीन बहिणी आज्ञाधारकपणे बोरे वेचायला जातात. पीटर थेट बागेत शिरतो, भाज्यांवर ताव मारतो, मॅकग्रेगरच्या दृष्टीस पडतो आणि पळत सुटतो. पळताना बूट हरवतात. कोटाची बटणे जाळ्यात अडकतात आणि कोट टाकून द्यावा लागतो. पाण्याच्या झारीत लपणे, शिंक येणे, वाट न सापडणे असे प्रसंग पार करून तो घरी पोहोचतो. त्याला कॅमोमाइलचा काढा मिळतो, बहिणींना दूध-पाव आणि बोरे मिळतात.

या कथेत कपड्यांना विशेष अर्थ आहे. निळा कोट अंगात असतो, तेव्हा पीटर दोन पायांवर उभा राहतो. तो एक खोडकर मुलगा असतो. कोट गळून पडल्यावर चित्रांत तो चार पायांवर धावणारा, जीव वाचवणारा ससा होतो. हे स्थित्यंतर लेखिका समजावून सांगत नाही. पाने उलटणारे मूल ते पाहते. कोट आणि बूट यांचे पुढे बुजगावणे होते, म्हणजे पीटरचे 'माणूसपण' बागेत टांगलेले राहते आणि प्राणी तेवढा निसटतो. मानवी सभ्यता आणि प्राण्यांचे खरे जीवन यांतील ताण एका कोटाच्या साहाय्याने व्यक्त करणे हे चित्रपुस्तकालाच साधणारे आहे.

दुसरी बाब मांडणीची. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकावर थोडा मजकूर आणि दुसऱ्यावर चित्र अशी रचना आहे. मजकूर एखाद्या कृतीच्या टोकाशी थांबतो आणि पुढे काय झाले हे पान उलटल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे कथेची लय वाक्याइतकीच पान उलटण्याच्या क्रियेतून घडते. मोठ्याने वाचून दाखवणारी व्यक्ती आणि चित्र पाहणारे मूल असे दोन वाचक या लयीत एकत्र येतात.

तिसरी बाब दृष्टिकोनाची. वडिलांच्या मृत्यूचा उल्लेख आरंभीच येतो आणि तो कोरड्या सुरात येतो. त्यात गहिवर नाही, धाक घालण्याचा आवेशही नाही. पीटरला शेवटी शिक्षा होते असे म्हणावे, तर ती पोटदुखी आणि काढा एवढीच. शिवाय वाचकाच्या मनात राहतो तो पीटरच, आज्ञाधारक बहिणी नव्हेत. म्हणून या कथेला बोधकथा म्हणणे कठीण जाते. बोधकथेचा सांगाडा वापरून लेखिका मुलाच्या साहसाची बाजू घेते.

*(ख) 'द टेल ऑफ जेमायमा पडल-डक'*

१९०८ साली प्रकाशित झालेल्या या कथेत शब्द आणि चित्र यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. शेतावर अंडी उबवू दिली जात नाहीत, म्हणून जेमायमा नावाची बदकीण रानात जागा शोधायला जाते. तेथे तिला एक अतिशय अदबशीर गृहस्थ भेटतो आणि घरटे करायला जागा देतो. मजकूर त्याचा उल्लेख 'गृहस्थ' असा करतो. चित्रात मात्र तो उघडउघड कोल्हा आहे. पुढे तो तिला मेजवानीसाठी काही मसाल्याची पाने आणि कांदे आणायला सांगतो. बदक भाजताना पोटात भरायचे हेच पदार्थ असतात, हे जेमायमाच्या ध्यानात येत नाही.

मजकूर जेमायमाच्या भोळ्या नजरेतून सांगितला जातो आणि चित्र वाचकाला सत्य दाखवते. नाटकात ज्याला आपण नाट्यात्म उपरोध म्हणतो, तो येथे दोन माध्यमांतील विसंगतीमधून निर्माण होतो. अक्षरओळख नसलेले मूलही पात्रापेक्षा अधिक जाणते होते आणि त्यातून त्याला भीती व आनंद दोन्ही मिळतात. शेवटी शेतावरचा केप नावाचा कुत्रा शिकारी कुत्र्याच्या पिल्लांना घेऊन येतो आणि जेमायमा वाचते. परंतु तीच पिल्ले तिची अंडी खाऊन टाकतात. सुटका होते, पण नुकसानही होते. शेतीजीवनाचे हे वास्तव लेखिकेने गोड करून सांगितलेले नाही.

३.२.५ भाषाविशेष

पॉटर यांचे गद्य अल्पाक्षरी आहे. विशेषणे मोजकी, क्रियापदे नेमकी, वाक्ये बोलीच्या लयीतली. असे असूनही त्यांनी मुलांसाठी भाषा 'सोपी' करण्याचा अट्टहास धरला नाही. १९०९ च्या 'द टेल ऑफ द फ्लॉप्सी बनीज' या पुस्तकात सॅलडची पाने खाल्ल्याने झोप येते हे सांगताना त्यांनी 'सोपोरिफिक' हा लॅटिनमूलक, जड शब्द वापरला आहे. प्रसंग आणि चित्र यांच्या आधाराने मूल त्याचा अर्थ ताडते आणि त्या शब्दाच्या नादाचा आनंदही घेते. संदर्भातून अर्थ उमगणे ही भाषाशिक्षणातील महत्त्वाची प्रक्रिया आहे. बालसाहित्यात अवघड शब्द असावेत की नसावेत, या नेहमीच्या वादात हे उदाहरण उपयोगी पडते : शब्द अवघड असणे हा दोष नाही, त्याला आधार देणारा संदर्भ नसणे हा दोष आहे.

३.२.६ व्यवसाय, हक्क आणि स्वावलंबन

वॉर्न कंपनीने 'पीटर रॅबिट'च्या लेखनहक्काची अमेरिकेत नोंदणी केली नाही. परिणामी तेथे अनधिकृत आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्या विक्रीतून लेखिकेला काहीही मिळाले नाही. या अनुभवानंतर पॉटर हक्कांच्या बाबतीत अत्यंत सावध झाल्या. त्यांनी स्वतः पीटरची कापडी बाहुली तयार केली आणि डिसेंबर १९०३ मध्ये तिची रीतसर नोंदणी केली. पुढे खेळाचा पट, भिंतीवरचे कागद, रंगवण्याची पुस्तके अशा वस्तू आल्या आणि त्यांच्या दर्जावर त्या बारकाईने लक्ष ठेवत. बालसाहित्यातील पात्रावर आधारित वस्तूंचा आज जो मोठा व्यापार दिसतो, त्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

प्रकाशनाच्या कामात नॉर्मन वॉर्न हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. 'द टेल ऑफ टू बॅड माइस' (१९०४) या पुस्तकातील बाहुलीघर नॉर्मन यांनी आपल्या पुतणीसाठी बनवले होते. जुलै १९०५ मध्ये त्यांनी पॉटर यांना लग्नाची मागणी घातली. प्रकाशक म्हणजे 'धंदेवाईक' माणूस, म्हणून आईवडिलांनी विरोध केला. घराण्याची स्वतःची संपत्ती कापडधंद्यातून आलेली असताना हा विरोध व्हावा, यातून त्या काळातील वर्गीय प्रतिष्ठेच्या कल्पना दिसतात. पॉटर यांनी होकार दिला. परंतु २५ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्मन यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

त्याच वर्षी पुस्तकांचे उत्पन्न आणि एक छोटा वारसा यांतून त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरी या गावी 'हिल टॉप' हे शेत खरेदी केले. १९०६ ते १९१३ हा काळ त्यांच्या निर्मितीचा बहर ठरला. हिल टॉपचे घर, जिना, भाजीची बाग, गावातील रस्ते हे सारे त्यांच्या चित्रांत उतरले.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २*

अ) जेमायमाच्या कथेत नाट्यात्म उपरोध कशातून निर्माण होतो?
आ) अमेरिकेत अनधिकृत आवृत्त्या निघण्याचे कारण काय?
इ) पॉटर यांनी १९०५ साली कोणते शेत खरेदी केले?

३.२.७ उत्तरायुष्य

जमिनींच्या खरेदीत मदत करणारे स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी १५ ऑक्टोबर १९१३ रोजी पॉटर यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते. यानंतर लेखन मंदावले आणि शेती हे मुख्य काम झाले. १९१७ साली हॅरल्ड वॉर्न यांना खोट्या दस्तऐवजांच्या प्रकरणात अटक झाली आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. तेव्हा पॉटर यांनी जुन्या चित्रांतून 'अॅप्ली डॅप्लीज नर्सरी ऱ्हाइम्स' हे पुस्तक देऊन कंपनीला हातभार लावला.

पुस्तकांच्या उत्पन्नातून त्या जमिनी घेत गेल्या. हर्डविक या काटक, डोंगराळ भागात तग धरणाऱ्या मेंढीच्या जातीचे संवर्धन हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. मेंढपाळांच्या वर्तुळात त्या 'मिसेस हीलिस' म्हणूनच ओळखल्या जात. विंडरमेअर सरोवराकाठची जागा बांधकामापासून वाचवण्यासाठी १९२७ साली त्यांनी आपल्या स्वाक्षरीची ५० चित्रे अमेरिकेतील वाचकांना विकून निधी उभारला. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रानुसार चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि अनेक शेतवाड्या नॅशनल ट्रस्टकडे गेल्या. सशाच्या गोष्टीतून मिळालेल्या पैशाने त्या गोष्टींचा भूप्रदेश राखला गेला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

३.२.८ समीक्षेची दिशा आणि भारतीय संदर्भ

१९३३ साली कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी पॉटर यांच्या पुस्तकांवर लेख लिहिला. त्यांच्या उत्तरकालीन कथांतील काळोख पाहून लेखिकेच्या आयुष्यात त्या सुमारास एखादे भावनिक संकट आले असावे, असा तर्क त्यांनी केला. पॉटर यांना हे मुळीच रुचले नाही. त्या काळात आपल्याला इन्फ्लुएंझा झाला होता, एवढेच त्यांनी कळवले. हा प्रसंग चरित्रात्मक समीक्षेच्या मर्यादा दाखवतो. नॉर्मन यांच्या मृत्यूनंतर कथा उदास व्हायला हव्यात, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पहिल्याच पुस्तकात मृत्यूचा उल्लेख आहे आणि तो त्या आघाताच्या आधीचा आहे. चरित्र निर्मितीची परिस्थिती समजावते. कृतीचा अर्थ मात्र कृतीतच शोधावा लागतो.

पॉटर यांच्या साहित्याला मर्यादाही आहेत. त्यातील घरे, रीतिरिवाज, पोशाख एका विशिष्ट समाजाचे आहेत. स्त्री-पात्रे बहुधा घरकामात गुंतलेली दिसतात. परक्या संस्कृतीतील मुलाला त्यातील बराच तपशील अनोळखी वाटतो. तरीही पळणे, लपणे, घरी परतणे या मूलभूत अनुभवांमुळे कथा भाषेच्या सीमा ओलांडतात.

याच काळात भारतात बंगालीतील उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ कार्यरत होते. हाफटोन ब्लॉकच्या तंत्रावर त्यांनी मौलिक काम केले. 'टुनटुनीर बोई' (१९१०) हे लोककथांचे पुस्तक आणि 'संदेश' (१९१३) हे मुलांचे मासिक त्यांनी दिले. मराठीत वा. गो. आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यानंतरच्या मराठी बालसाहित्यात लेखक आणि चित्रकार हे बहुधा वेगळे राहिले. या पार्श्वभूमीवर माधुरी पुरंदरे यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या पुरंदरे यांनी 'राधाचं घर' यांसारख्या पुस्तकांत शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः रचले. त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ साली मिळाला. त्यांच्या पुस्तकांतील मराठी घर, नात्यांची माणसे आणि रोजची बोली पाहिली की, चित्रपुस्तकाचे तंत्र सार्वत्रिक असले तरी त्याचा तपशील स्थानिकच असावा लागतो, हे ध्यानात येते.

३.३ सारांश

बिअॅट्रिक्स पॉटर यांची कारकीर्द निसर्ग-निरीक्षण, चित्रपत्रे, खासगी प्रकाशन, व्यावसायिक यश आणि शेती व भूप्रदेश-संवर्धन अशा टप्प्यांनी घडली. औपचारिक शिक्षण आणि शास्त्रीय संस्था यांची दारे बंद असताना त्यांनी निरीक्षणाची शिस्त बालकथांकडे वळवली. मुलाच्या हातात मावणारे, परवडणारे पुस्तक हा त्यांचा आग्रह वाचकाविषयीच्या आदरातून आलेला होता. त्यांच्या कृतींत शब्द आणि चित्र परस्परांना पूरक असतात आणि कधी जाणीवपूर्वक परस्परांशी विसंगतही असतात. भयाचा आणि मृत्यूचा उल्लेख टाळला नाही, अवघड शब्दही टाळला नाही. मुलाच्या आकलनशक्तीवर विश्वास ठेवला. चित्रपुस्तकाला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठा मिळण्यात या विश्वासाचा मोठा वाटा आहे.

३.४ पारिभाषिक शब्द

चित्रपुस्तक : शब्द आणि चित्र यांच्या संयोगातून कथा सांगणारे पुस्तक.
चित्रपत्र : मजकुराच्या मध्ये रेखाटने असलेले पत्र.
नाट्यात्म उपरोध : पात्राला अज्ञात असलेली गोष्ट वाचक-प्रेक्षकाला ज्ञात असल्याने निर्माण होणारा परिणाम.
चरित्रात्मक समीक्षा : लेखकाच्या जीवनाच्या आधारे कृतीचा अर्थ लावण्याची पद्धती.
ब्लॉक : चित्र छापण्यासाठी तयार केलेला धातूचा ठसा.

३.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) जॉर्ज मॅसी. आ) आजारी मुलाला पाठवलेल्या चित्रपत्राच्या स्वरूपात. इ) २५०.

प्रश्न २ : अ) मजकूर ज्याला 'गृहस्थ' म्हणतो, तो चित्रात कोल्हा असल्यामुळे. आ) लेखनहक्काची तेथे नोंदणी झाली नव्हती. इ) हिल टॉप.

३.६ सरावासाठी स्वाध्याय

*दीर्घोत्तरी प्रश्न*

१) चित्रकार-लेखिका म्हणून बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या कारकिर्दीचे टप्पे स्पष्ट करा.
२) 'चित्रपुस्तकात चित्र हे मजकुराचे अलंकरण नसून कथनाचे अंग असते.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

*टिपा लिहा*

१) 'पीटर रॅबिट'मधील कपड्यांचे महत्त्व
२) बालसाहित्यातील अवघड शब्दांचा प्रश्न
३) चरित्रात्मक समीक्षेच्या मर्यादा

*उपक्रम*

आपल्या घरातील, शेजारच्या किंवा अंगणवाडीतील एका मुलासोबत कोणतेही मराठी चित्रपुस्तक वाचा. प्रथम मजकूर झाकून केवळ चित्रांवरून मुलाला गोष्ट सांगू द्या आणि ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. नंतर मजकुरासह पुस्तक वाचून दाखवा. चित्रांनी काय सांगितले, शब्दांनी कोणती भर घातली आणि मुलाने पान उलटण्याची घाई कोठे केली, याच्या नोंदी करून दोन पृष्ठांचा अहवाल अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा.